सातव्या मजल्यावरचा दुवा

भिंतीचा जिप्समचा पत्रा आम्ही सुरीने कापला,
सावकाश, चौकोनी.
मागे धूळ, लोकरीचे पुंजके,
कुण्या सुताराने पेन्सिलीने लिहिलेला फोन नंबर,
आणि तो.

दीड हात लांबीचा, तुळईचाच एक तुकडा.
दोन्ही बाजूंनी तिरके टेकू वर चढत येतात
आणि मधोमध भेटत नाहीत.
मुद्दाम.
कागदावर कुणीतरी विचार करून
त्यांची गाठ चुकवलेली असते.
त्या चुकामुकीत हा राहतो.

हिनेराऊ टॉर्च धरते.
पांढरा रंग सोललाय तिरप्या रेघांत,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.
वाकणं नव्हे हे खरं तर,
पत्त्यांचा जोड बोटाने तिरका ढकलावा
तसा चौकोन कलंडलाय.
परवानगी आठ शतांश रेडियनची.
मोजलं: साडेतीन.
"अर्धं मिनिटसुद्धा नाही," ती म्हणते,
"आणि एवढं."

खांब सरळ. टेकू सरळ.
बोल्ट जिथल्या तिथे.
चौदा मजले कोऱ्या चेहऱ्याने उभे,
गल्लीतल्या भांडणाच्या साक्षीदारांसारखे:
आम्ही काही पाहिलं नाही, साहेब.

मोडेन पण वाकणार नाही,
भाषणात शोभतं, टाळ्या पडतात.
ह्या शहराने त्या वाक्यावर घरं बांधली होती.
त्यांच्या जागी आता खडी पसरलीये,
मोटारी लावतात, तासाला चार डॉलर.

मी कडकपणा मोजायचं यंत्र टेकवते.
आतली बारीक गोळी पोलादावर आपटते,
उसळते, आकडा येतो.
ज्या भागाने सोसलं नाही तिथे साधा.
मधल्या पट्टीत मोठा.
सोसून पोलाद मऊ होत नाही,
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

विम्याचा माणूस, टॉलिस,
बुटांना धूळ लागू न देता विचारतो:
दिसतंय तर धडधाकट. राहू द्या ना.
अजून किती धक्के काढेल?

कुणाला माहीत.
हेच तर आहे, टॉलिस.
तो सांगत नाही.
नुसता ठेवला तरी महिन्यांमागून महिने
आतल्या आत ठिसूळ होत जाईल,
कसं द्यायचं ते विसरत.

डिओस्दादो इलोइलोचा. हात सावकाश.
आधी मधोमध एक भोक,
मग ज्योत एकेक बोट पुढे.
बाहेर नॉरवेस्टर काचांवर गरम वाळू मारतोय.
कुणी बोलत नाही.
मी ओळंब्याकडे बघते.

शेवटचं दोन बोटं पोलाद राहिलं असताना
ते आपणहून तुटलं.
ठक्.
मोठा आवाज नाही, चावी फिरावी एवढा.
चौदा मजल्यांनी
इतके महिने धरून ठेवलेला श्वास सोडला
आणि ओळंबा चार मिलिमीटर सरकून
आपल्या खुणेवर आला.

डिओस्दादोने मास्क वर केला,
छताकडे पाहिलं, मग आमच्याकडे.
"रागात होती," तो म्हणाला. इमारत.

तुकडा ट्रॉलीवर चढवायला चौघं लागले.
नवा आला, तांबड्या प्रायमरचा,
सोळा बोल्ट, प्रत्येकावर खडूची खूण.
बेट्याला अजून काहीच ठाऊक नाही.

पत्रा परत ठोकायला माणूस आला, तेव्हा
हिनेराऊ आडवी उभी राहिली.
नाही. इथे दार हवंय.
बजेटमध्ये नव्हतं. वाद झाला,
मी माझ्या वरिष्ठांना फोन केला, कुणी उचलला नाही,
तोवर तिने पेन्सिलीने
सुताराच्या नंबराशेजारी चौकट आखलीसुद्धा.

आता तिथे एक छोटं दार आहे, दोन बिजागऱ्यांचं.
सातव्या मजल्यावरचे हिशेबनीस
त्याला कोट अडकवतात.